एका घासामागे हजार हात

तहान भागते म्हणजे नेमकं काय होतं? पाणी घशाखाली उतरतं, पोटात जातं, आतड्यांतून रक्तात झिरपतं आणि मग कुठे रक्ताचा दाटपणा कमी होतो. या सगळ्याला दहाएक मिनिटं तरी लागतात. पण भर उन्हातून आलेल्या माणसाला तांब्याभर पाणी द्या आणि बघा. चार घोटांतच त्याच्या तोंडून ‘हुश्श’ निघतं. पाणी अजून पोटातच आहे, शरीरातली तूट होती तेवढीच आहे, आणि तरी जीव थंडावला.

या कोड्याचा छडा २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोत, झॅकरी नाइट यांच्या प्रयोगशाळेत लागला. मेंदूत खोलवर तहानेचा हिशेब ठेवणाऱ्या पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. तहानलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या या पेशींचं काम संशोधकांनी प्रत्यक्ष चालू असताना पाहिलं. उंदराने पाणी चाटायला घेतलं की मिनिटभरातच त्या शांत होऊ लागतात. रक्तात तोवर काहीच बदललेलं नसतं. किती घोट गेले यावरून पेशी आधीच ताडतात, की आता एवढं पाणी रक्तात पोचणार आहे. आपल्याला जाणवतो तो सुटकेचा क्षण म्हणजे मेंदूचा हा अंदाज. पाणी मागाहून येतं.

आता रोजा सोडतानाची एक दुआ बघा. प्रेषित मुहंमद रोजा सोडल्यावर ती म्हणत, असं अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात आलं आहे. तिचा आशय असा, की तहान गेली, शिरा ओलावल्या आणि अल्लाहची इच्छा असेल तर पुण्यही पदरात पडलं. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी तहान जाते, शिरा नंतर ओलावतात. धर्मवचनांत प्रयोगशाळा शोधत बसण्याची हौस मला नाही. वाळवंटातल्या माणसांनी तहान फार जवळून पाहिली होती, एवढंच यातून दिसतं. पण दिवसभराच्या उपासानंतर आभार मानायचे, तर त्यांची सुरुवात घशातल्या त्या पहिल्या घोटापासून व्हावी, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. देवाचे आभार मानताना आपल्या शिरांची आठवण कोण ठेवतं?

ही दुआ चौलमध्येही म्हटली जाते. अलिबागहून दक्षिणेला निघालं की आक्षी, नागाव, मग चौल आणि पुढे कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्येच रामेश्वराचं देऊळ, टेकडीवर दत्त, झाडीत राजकोटाचे अवशेष आणि हमामखान्याचे पडके घुमट. चौलात ३६० देवळं आणि ३६० तळी होती, असं जुनी माणसं सांगतात. (आकडा वर्षाच्या दिवसांशी फारच सोयीस्करपणे जुळतो, पण सांगणाऱ्यांचा उत्साह मोडवत नाही.) या पट्ट्यातले कोकणी मुसलमान बोलतात ती बोली मराठीचीच सख्खी बहीण. पंथाने ते शाफई. उत्तर भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, कारण तिकडे इस्लाम मुख्यतः मध्य आशियातून खुष्कीच्या वाटेने आला. कोकणात तो अरबी समुद्रातून गलबतांवर आला आणि आपल्यासोबत शाफई रीत घेऊन आला.

रमजानच्या दृष्टीने हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही. मालिकी पंथात महिन्याच्या सुरुवातीला एकदा नियत, म्हणजे रोजा धरण्याचा संकल्प, केली, की साऱ्या रोजांना पुरते. हनफी माणसाची रात्री राहून गेली, तर त्याला दुपारच्या आत करता येते. शाफई रीतीत मात्र प्रत्येक रोजाची नियत वेगळी आणि ती आदल्या रात्री, पहाट फुटायच्या आत करायची. म्हणजे चौलच्या घरात महिन्याभराचा संकल्प एकदा सोडून चालत नाही. सहरीला, म्हणजे पहाटेच्या खाण्याला, उठलेलं माणूस अर्धवट झोपेत भाकरीचा तुकडा मोडत असतं, तेव्हा त्या एका दिवसाचा करार नव्याने होतो. उद्याचं उद्या.

मुलं असलेल्या पुष्कळ मुसलमान घरांत, इथे आणि परदेशातही, अलीकडे एक छोटी रीत दिसते. इफ्तारीच्या आधी सगळे ताटाभोवती बसले, की प्रत्येकाने आजच्या दिवसातली एक गोष्ट सांगायची, जिच्याबद्दल शुक्र मानावासा वाटतो. कुणी ती चिठ्ठीवर लिहून बरणीत टाकतं, कुणी तीस चौकोनांचा तक्ता भिंतीला लावतं. चौलमधलं असं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. मशिदीचं वेळापत्रक दाराला चिकटवलेलं, ताटात खजूर, कापलेलं कलिंगड, सरबताचे पेले, आणि अजानला पाच मिनिटं बाकी. दिवसातली सर्वांत लांब पाच मिनिटं हीच. पहिल्या दिवशी मुलं भराभर सांगतात: आई, बाबा, घर, पाणी, शाळा. दुसऱ्या दिवशी आजी, सायकल, मांजर. पाचव्या-सहाव्या दिवशी पंचाईत होते. यादी संपली! मग कुणीतरी बिचकत म्हणतं, ‘आज गणिताच्या बाई आल्या नव्हत्या.’ सगळे हसतात, पण अडचण खरीच असते. रोज रोज आभार कशाकशाचे मानायचे?

मानसशास्त्रज्ञांनाही हीच अडचण आली. कृतज्ञतेवरच्या आधुनिक प्रयोगांची वाट २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या दोन अमेरिकी संशोधकांनी मोकळी केली. त्यांनी एका गटाला चांगल्या गोष्टींची यादी लिहायला सांगितली, दुसऱ्याला कटकटींची. चांगलं लिहिणारे आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. स्नायूंच्या आजाराने गांजलेल्या एका गटाने २१ दिवस रोज अशी यादी लिहिली, तर त्यांची झोपही सुधारली. पण २००५ मध्ये सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली. सहा आठवड्यांत, आठवड्यातून एकदा यादी करणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा करणाऱ्यांना झाला नाही. पुढे अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा परिणाम आहे पण लहानसा, असंच पुष्कळदा दिसलं. आभाराचीसुद्धा सवय होते, आणि सवय झाली की त्यातली धार जाते.

हा मनाचा स्वभाव ओळखायला एकविसावं शतक उजाडावं लागलं नव्हतं. अबू हामिद अल-गझाली हा इराणातल्या तूस गावचा विद्वान ११११ साली वारला. तोही शाफई, म्हणजे चौलच्या कोकणी घरांशी त्याचं एक दूरचं नातं आहेच. ‘इह्या उलूमिद्दीन’ या त्याच्या प्रचंड ग्रंथात सब्र आणि शुक्र, धीर आणि कृतज्ञता, यांवर मिळून एकच खंड आहे. त्यात तो विचारतो, की माणसं हवेबद्दल आभार का मानत नाहीत? आणि उत्तरही देतो: कारण ती सर्वांना, सदासर्वकाळ, फुकट मिळते. जे सर्वांचं आहे ते माणसाला देणगी वाटतच नाही. कुणी गळा दाबला, किंवा कोंदट हमामात नाहीतर खोल विहिरीत कोंडून ठेवलं आणि मग बाहेर काढलं, तर मात्र त्याच हवेचं मोल कळतं. तेही थोडा वेळ. हमामाचा हा दाखला वाचल्यावर चौलच्या हमामखान्यातल्या गार, ओलसर अंधाराकडे पाहण्याची नजर बदलते.

गझालीने यावर सुचवलेले उपाय जरा कठोर आहेत. इस्पितळात जाऊन आजारी माणसं बघ, कबरस्तानात जा. पण रोज इस्पितळात कोण जाणार? रमजान हाच उपाय घरात आणून ठेवतो आणि कुणाचा गळा न दाबता अमलात आणतो. दिवसभरासाठी पाणी काढून घेतो आणि संध्याकाळी परत देतो.

यातलं शरीराचं गणितही आता बऱ्यापैकी कळलं आहे. १९७१ साली मिशेल काबानाक या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. उपाशी माणसांना साखरेचं पाणी चाखायला दिलं, ते त्यांना छान लागलं. मग त्यांना भरपूर ग्लुकोज पाजून पुन्हा तेच पाणी चाखायला दिलं, तर ते नकोसं झालं. पाणी तेच, जीभ तीच, साखर तेवढीच. गोडी पदार्थात कमी आणि शरीराच्या गरजेत जास्त असते, असा त्याचा निष्कर्ष. रोजाच्या शेवटी यकृतातला साखरेचा साठा बराच खाली आलेला असतो आणि खजुरात तर निम्म्याहून जास्त साखरच असते, तीही झटकन रक्तात उतरणारी. म्हणून अजानच्या वेळचा खजूर आणि एरवी दुपारी डब्यातून काढून तोंडात टाकलेला खजूर ही दोन वेगळी फळं आहेत, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

त्याहून मजेचा प्रयोग २०१३ चा. जोर्डी क्वॉइडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी लोकांना चॉकलेट खायला दिलं आणि आठवड्याने पुन्हा बोलावलं. मधल्या काळात काहींनी चॉकलेटला शिवायचं नव्हतं, काहींना हवं तेवढं खायला सोबत दिलं होतं आणि काहींना काहीच सांगितलं नव्हतं. आठवड्याने पुन्हा चॉकलेट खाताना सर्वांत जास्त आनंद ते सोडलेल्यांना झाला. हवं तेवढं खाणाऱ्यांची गोडी आटली होती. मला वाटतं, ल्युबोमिर्स्कींच्या कोड्याची गुरुकिल्ली इथेच आहे. त्यांच्या प्रयोगातले लोक भरल्या पोटी यादी करत होते. चौलच्या घरातलं एखादं मूल सहाव्या दिवशी ‘पाणी’ असं म्हणतं, तेव्हा पहिल्या दिवशीच्या शाळकरी यादीतलं ‘पाणी’ आणि हे पाणी यांच्यामध्ये पाच कोरड्या दुपारी असतात. ही माझी जुळवाजुळव आहे, कुणा संशोधकाचा निकाल नव्हे. पण कुराणात रमजानचे नियम सांगणारी जी आयत आहे, दुसऱ्या सूरेतली १८५ वी, तिचा शेवटही तुम्ही कृतज्ञ व्हावं अशाच अर्थाच्या शब्दांनी होतो. रोजाने शुक्र यावा, असाच हा बेत आहे.

आता ताटातल्या खजुराकडे वळू, कारण गझालीने त्यावर आणखी एक कमाल करून ठेवली आहे. शुक्र म्हणजे नुसतं बरं वाटणं नव्हे, असं तो बजावतो. त्यात आधी जाण येते, मग मनाची अवस्था, आणि शेवटी कृती. जाण म्हणजे काय हे समजावताना तो एक घास हातात घेतो आणि मागे मागे चालत जातो. पेरणारा, पाणी, ऊन, वारा, कापणी, दळणारा, भाजणारा. नांगराचा फाळ घडवणारा लोहार, त्या लोहाराचं हत्यार घडवणारा दुसरा लोहार. आणि नफ्याच्या ओढीने समुद्र तुडवत धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणारे व्यापारी. एक रोटी गोल व्हायला हजाराहून जास्त कारागिरांचे हात लागतात, असं तो म्हणतो. साधी सुई घ्या. ती पुरी होईपर्यंत सुई करणाऱ्याच्या हातातून पंचवीस वेळा जाते. नऊशे वर्षांपूर्वीचा माणूस हे लिहितो आहे! आज अर्थशास्त्राच्या वर्गात ज्याला पुरवठा साखळी म्हणतात, ती त्याने प्रार्थनेचा विषय केली.

तोच खेळ खजुराशी खेळून पाहा. खजुराच्या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. वाऱ्याच्या भरवशावर राहिलं तर फळ बेताचंच धरतं, म्हणून हजारो वर्षं माणूस नराचा फुलोरा काढून मादीच्या झाडावर चढतो आणि हाताने परागण करतो. म्हणजे इफ्तारीचा बहुतेक प्रत्येक खजूर कुणाच्या तरी हाताने जुळवलेल्या सोयरिकीचं फळ. पोफळीवर चढणाऱ्या चौलकरांना यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत. मग पाडणी, वाळवणी, पेटी, जहाज, बंदर, घाऊक बाजार, अलिबागचं दुकान. या वाटेचा समुद्रावरचा तुकडा तर चौलच्या हाडात मुरलेला आहे.

ग्रीक-रोमन दर्यावर्दी चौलला सिमिल्ला म्हणत, अरब सैमूर. अल-मसऊदी हा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, इथे आला होता. राज्य राष्ट्रकूटांचं, आणि त्यांच्या वतीने झंझ नावाचा शिलाहार राजा इथला कारभार पाहत होता. मसऊदी लिहितो, की इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात: सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि याच भूमीत जन्मलेलेही. त्यांच्यातल्या तंट्याबखेड्यांचा निवाडा करायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. बसरा म्हणजे खजुराचं माहेर. दहा हजार माणसांची वस्ती, त्यांतले कितीतरी खजुराच्या मुलखातून आलेले. सैमूरच्या वखारींत काय काय उतरत असेल, याची कल्पना करायला इतिहासकार असायची गरज नाही.

मसऊदीच्या हिजरी ३०४ चा रमजान मागे मोजत गेलं, तर तो फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होऊन मार्चमध्ये संपला असं निघतं. थंडी उन्हाळ्याला जागा करून देते, तो काळ. २०२५ मध्ये भारतात रमजान २ मार्चला सुरू झाला. म्हणजे तोच मोसम, जवळपास तेच दिवस. मधल्या ११४२ हिजरी वर्षांत सूर्याची ११०८ वर्षं झाली. वजाबाकी करा. रमजानने चौलच्या ऋतुचक्राच्या नेमक्या ३४ फेऱ्या पुऱ्या केल्या आणि तो परत त्याच जागी येऊन उभा राहिला.

हे घडतं, कारण हिजरी वर्ष निखळ चंद्राचं आहे. चंद्राचे बारा महिने मिळून ३५४ दिवस आणि थोडे तास होतात, सूर्याच्या वर्षाहून सुमारे अकरा दिवस कमी. आपल्या पंचांगातही महिने चंद्राचेच, पण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालून आपण ते ऋतूंशी बांधून ठेवतो. म्हणून दिवाळी कधी भर पावसात येत नाही. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दर वर्षी अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू हिंडून येतो. चौलची आजी आणि नात एकाच रमजानबद्दल बोलत असल्या, तरी त्यांच्या आठवणीतलं ताट वेगळं असतं. २०१८ आणि २०१९ मध्ये तो मे महिन्यात सुरू झाला, इफ्तारीला हापूस. २०१६ मध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला, मासेमारी बंद, बाजारात ताजी मासळी दुर्मीळ, सहरीला सुकट. काही वर्षांनी तो थंडीत शिरेल आणि मग नव्या तांदळाच्या सांदणांना वेगळीच चव येईल. २०३० सालात तर दोन रमजान आहेत, एक जानेवारीत आणि दुसरा डिसेंबरच्या अखेरीस सुरू होणारा.

रोजाची लांबीही बदलते, पण कोकणात बेतानेच. चौलला थंडीतला रोजा सव्वाबारा-साडेबारा तासांचा, जूनमधला साडेचौदाच्या आसपास. लंडनला गेलेल्या कोकणी कुटुंबाला मात्र जूनमध्ये अठरा तासांच्या पुढे जावं लागतं. चौलमध्ये परीक्षा घड्याळ घेत नाही, दमट ऊन घेतं. आणि शुक्राच्या यादीवर हे सरकतं पंचांग आपोआप काम करत राहतं. मुलगा दहा वर्षांचा असताना ज्या गोष्टींची उणीव त्याला जाणवते, ती पुढे बदलत जाते; चाळिशी येईपर्यंत तो जवळपास प्रत्येक ऋतूत उपाशी राहून आलेला असतो.

या सरकत्या महिन्याने एका परदेशी पाहुण्याची चौलपासून पुढे चांगलीच फजिती केली. रशियातल्या त्व्हेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, आणि बलराज साहनी नि नर्गिसचा ‘परदेसी’ हा १९५७ चा चित्रपट त्याच्यावरच आहे. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तकं नेली, त्यामुळे त्याला आपले सण कधी येतात तेच कळेना. ईस्टर केव्हा, त्याआधीचे उपास केव्हा धरायचे? शेवटी त्याने आडाखा बांधला, की ईस्टर मुसलमानांच्या बैरामच्या, म्हणजे ईदच्या, नऊ-दहा दिवस आधी येतो. बिचारा! ईस्टर वसंताला धरून असतो, बैराम अकरा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. एका वर्षी आडाखा जुळला, तरी पुढच्या वर्षी चुकणारच. परमुलखात एकटा पडलेला हा माणूस शेजाऱ्यांच्या सणावरून आपल्या देवाची तारीख काढत होता, हे वाचताना हसू येतं आणि गलबलूनही येतं.

शेजाऱ्यांच्या सणावरून दिवस ओळखणं मात्र या किनाऱ्याला नवीन नाही. आभार मानायच्या रीती इथे पावलापावलाला आहेत. कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात. कुणब्याच्या घरी नवं भात आलं की नवान्न होतं. याच अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात स्थिरावलेले बेने इस्राएल ज्यू नवस फिटला, लग्न ठरलं, दुखण्यातून माणूस उठलं की एलियाहू हानबीच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं. खंडाळ्याच्या ज्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे असं ते मानतात, तो अलिबागपासून फार लांब नाही. या साऱ्या रीतींना काहीतरी निमित्त लागतं, पीक, दर्या किंवा नवस. रमजानला लागत नाही. काहीही विशेष घडलेलं नसताना, २९ किंवा ३० संध्याकाळी, रोज आभार. माझ्या मते हे जास्त अवघड आहे.

आणि ते फक्त वर बघून भागत नाही. जो माणसांचे आभार मानत नाही त्याने अल्लाहचेही मानले नाहीत, अशा आशयाची एक हदीस आहे. दुसरी तर थेट स्वयंपाकघरातली: रस्सा करशील तेव्हा त्यात पाणी वाढव आणि शेजाऱ्याची आठवण ठेव. कोकणातल्या कुठल्याही बाईला हे शिकवावं लागत नाही. पाहुणा दारात दिसला की आमटीत पाणी आपोआप पडतं. इफ्तारीच्या आधी झाकलेली ताटली घेऊन मुलं वाडीतून शेजारी जातात, तेव्हा गझालीच्या हजार हातांत आणखी दोन इवल्या हातांची भर पडते. ज्याने दुसऱ्याचा रोजा सोडवला, मग ते एका खजुराने का असेना, त्याला रोजा धरणाऱ्याइतकंच पुण्य आणि धरणाऱ्याचं काही कमी होत नाही, असंही सांगितलं आहे. हिशेबात न बसणारा हा हिशेब मला फार आवडतो.

२०२० चा रमजान टाळेबंदीत गेला. मशिदी बंद, तरावीची नमाज घरातच, ताटल्यांची ने-आण थांबलेली. २५ मे रोजी ईद झाली, तीही गळाभेटीविना. त्यानंतर नवव्या दिवशी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली. पोफळ लावल्यापासून उत्पन्न द्यायला पाच-सात वर्षं घेते. एका दुपारीत पिढीची बेगमी गेली. अशा वेळी ‘शुक्र माना’ असं कुणी म्हटलं तर ते ऐकणाऱ्याला टोचेल, आणि टोचलंच पाहिजे. गझालीने शुक्राच्या खंडात सब्र आधी घातला आहे, ते उगाच नव्हे. त्याच्या मते हे एकाच श्रद्धेचे दोन भाग आहेत आणि माणसाला कधी एकाची, कधी दुसऱ्याची गरज पडते. त्या जूनमध्ये चौल-रेवदंड्याच्या वाड्यांत बहुधा पहिल्याचीच पाळी होती.

राहिली गझालीची तिसरी पायरी, कृती. ती रमजानच्या शेवटी अगदी मापात येते. ईदच्या नमाजाला जाण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे फितरा द्यायचा, अगदी तान्ह्या बाळाचासुद्धा, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटेल. माप ठरलेलं: एक ‘साअ’, आजच्या हिशेबाने अडीच ते तीन किलो. आणि शाफई मताप्रमाणे हा फितरा पैशांत द्यायचा नसतो, त्या मुलखाचं जे मुख्य अन्न असेल तेच द्यायचं. अरबस्तानात खजूर किंवा जव, कुठे गहू. आज पुष्कळजण रोख रक्कमही देतात. पण जुन्या रीतीने चालणाऱ्या चौलच्या घरात चांदरातीला मापून बाजूला काढला जातो तो तांदूळ. घरात पाच माणसं असतील तर साडेबारा ते पंधरा किलो, आणि तो सकाळी नमाजाच्या आधी ज्याच्या घरी जायचा त्याच्या घरी पोचलेला असला पाहिजे.